शरीराचा रोजमेळ : अतिसरावाची चाहूल कशी ओळखावी

गेल्या पंधरा-वीस वर्षांत व्यापारी कुटुंबांच्या दिनक्रमात एक नवी गोष्ट रुजली आहे. दर्शन-पूजेच्या आधी किंवा नंतर, पण दुकानाचे शटर वर जाण्यापूर्वी, घरातील चाळिशी-पन्नाशीचा कर्ता पुरुष धावण्याचे बूट घालून बाहेर पडतो. सुना आणि मुलीही त्यात मागे नाहीत. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, मुंबईची २००४ पासूनची, आणि यवतेश्वराचा घाट चढणारी साताऱ्याची अर्धमॅरेथॉन तर आता अनेक घरांत सणासारखी साजरी होते. गादीवर बारा-बारा तास बसण्यात ज्यांच्या दोन पिढ्या गेल्या आणि मधुमेह व रक्तदाब ज्यांच्या घरी वारसाहक्काने आले, त्या घरांनी धावण्याचे स्वागत करावे हे योग्यच आहे.

मात्र ज्या गुणाने धंदा वाढवला तोच गुण या मार्गावर अडचणीचा ठरतो. वर्षानुवर्षे एकही सुट्टी न घेता पेढी उभी करणाऱ्या माणसाला वाटते की धावण्याचेही तसेच असणार. जितके अधिक, तितका लाभ अधिक. शरीराचा व्यवहार असा चालत नाही. सरावाने शरीर त्या क्षणी दुबळेच होते. स्नायूंतील साखर संपते, तंतूंना सूक्ष्म इजा होतात, संप्रेरकांचा तोल ढळतो. बळ वाढते ते नंतर, झोपेत आणि विश्रांतीत, ही झीज भरून निघताना. झीज भरण्यापूर्वीच पुढची झीज होत राहिली, तर एक दिवस असा येतो की माणूस पूर्वीइतकेच, किंबहुना अधिक कष्ट घेतो आणि तरीही मागे पडत जातो. धावणारे लोक याला ‘ओव्हरट्रेनिंग’ म्हणतात. मराठीत अतिसराव म्हणता येईल.

२०१३ साली युरोप आणि अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या दोन प्रमुख संस्थांनी या विषयावर एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. त्यात थकव्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली हेतुपूर्वक चढायची असते. काही दिवस भार वाढवायचा, थकायचे, मग हात आखडता घ्यायचा. थोड्या दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत, वेग पूर्वीपेक्षा वाढलेला दिसतो. दुसऱ्या पायरीवर थकवा जायला अनेक आठवडे किंवा महिने लागतात आणि हाती लाभ काहीच येत नाही. तिसरी पायरी हा खरा विकार होय. त्यातून बाहेर येण्यास कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीतील सीमा आगाऊ ओळखता येत नाही. माणूस किती दिवसांनी सावरला यावरूनच ती मागाहून कळते. रक्ताच्या एखाद्या तपासणीने किंवा एका यंत्राने निश्चित निदान व्हावे, असा मार्गही उपलब्ध नाही. इतर आजार नाहीत याची खात्री करून घेतल्यावर जे उरते त्याला हे नाव देतात.

अमेरिकेचा धावपटू अल्बर्टो सालाझार याची कहाणी या संदर्भात वाचण्याजोगी आहे. न्यूयॉर्कची मॅरेथॉन त्याने १९८०, १९८१ आणि १९८२ अशी सलग तीन वर्षे जिंकली. आठवड्याला १६० किलोमीटरहून अधिक धावणे हा त्याचा नित्यक्रम होता. एप्रिल १९८२ मध्ये त्याने दहा हजार मीटरची एक अत्यंत चुरशीची शर्यत धावली आणि नवव्या दिवशी बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये उभा राहिला. उन्हाचा दिवस होता. त्याने पाणी फारच थोडे घेतले. डिक बिअर्डस्ली याच्याशी अखेरपर्यंत झुंज देऊन दोन सेकंदांनी तो जिंकला आणि रेषा ओलांडताच कोसळला. सुमारे सहा लिटर सलाइन त्याच्या शिरेतून द्यावे लागले.

यापुढील भाग अधिक महत्त्वाचा आहे. त्याच उन्हाळ्यात त्याने पाच हजार आणि दहा हजार मीटरचे अमेरिकी विक्रम केले आणि शरद ऋतूत न्यूयॉर्कही जिंकले. काही बिघडले आहे असे कोणाला वाटले असते? १९८३ च्या जागतिक स्पर्धेत मात्र दहा हजार मीटरच्या अंतिम शर्यतीत तो सर्वांत शेवटी आला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये त्याचा क्रमांक पंधरावा होता. त्या काळात त्याला वारंवार सर्दी-खोकला होई, झोप लागत नसे, मन खिन्न असे. आणि प्रत्येक वेळी उपाय एकच, आणखी धावणे. तेव्हा तो अवघ्या पंचविशीत होता. पूर्वीचे बळ त्याला पुन्हा कधी मिळाले नाही. दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्स शर्यत त्याने १९९४ मध्ये जिंकली खरी, पण मधली दहा वर्षे हातची गेली होती. (पुढे प्रशिक्षक म्हणून उत्तेजकविरोधी नियमांच्या भंगाबद्दल त्याच्यावर २०१९ मध्ये चार वर्षांची बंदी आली. त्याचे चरित्र आदर्श म्हणून येथे मांडलेले नाही; त्याच्या शरीराची नोंद तेवढी बोधप्रद आहे.)

त्याच कॉम्रेड्स शर्यतीत, जिला अलीकडे पुण्या-मुंबईकडचे धावपटूही मोठ्या संख्येने जातात, ब्रूस फोर्डाइस याने १९८१ पासून सलग आठ वेळा आणि नंतर १९९० मध्ये पुन्हा, असा नऊ वेळा विजय मिळवला. प्रारंभरेषेवर थोडा कमी सराव घेऊन उभे राहणे परवडते, अधिक घेऊन नाही, अशी त्याची धारणा होती. पाय जड वाटले की तो स्वतःला आवरत असे.

आवरायचे कधी, हे कळण्यासाठी काही खुणा आहेत. सर्वांत जुनी खूण सकाळच्या नाडीची. जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी, पडल्या पडल्या पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी आणि वहीत लिहावी. दोन आठवड्यांत स्वतःची सरासरी हाती येते. त्या सरासरीपेक्षा पाच ते दहा ठोके अधिक, आणि तेही लागोपाठ तीन-चार दिवस, असे दिसले तर त्याची दखल घ्यावी. एका दिवसाच्या वाढीला अर्थ नाही. रात्रीची अपुरी झोप, उकाडा, कमी प्यालेले पाणी, अंगात मुरणारा ताप, आयकर विवरणपत्राची शेवटची तारीख, यांपैकी काहीही नाडी वाढवू शकते. शेजाऱ्याची नाडी ४८ आणि आपली ६४ म्हणून खिन्न होण्याचेही कारण नाही. तुलना स्वतःशीच करायची असते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांनी या खुणेवर विसंबू नये, कारण त्या गोळ्या नाडी मुळातच खाली ठेवतात.

या खुणेची दुसरी बाजू फार थोड्यांना ठाऊक असते. दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंत थकवा खोलवर गेला की अनेकदा नाडी वाढण्याऐवजी दबते. पूर्वी ज्या चढावर ती १६० पर्यंत जाई, तेथे आता जोर लावूनही १४५ च्या वर सरकत नाही, आणि पाय मात्र शिशाचे झालेले असतात. मनगटावरील घड्याळ पाहून माणूस खूश होतो; हृदय सुधारले असे त्याला वाटते. वेग तोच किंवा अधिक, श्रम कमी वाटतात आणि नाडीही कमी, तर ती सुधारणा होय. वेग घटलेला, श्रम वाढलेले आणि नाडी कमी, तर ती धोक्याची खूण होय. नुसत्या नाडीच्या आकड्यावरून या दोहोंतील फरक कळत नाही.

फिनलंडच्या एका कंपनीने १९८२ च्या सुमारास छातीवरील पट्ट्यातून बिनतारी नाडी दाखवणारे यंत्र बाजारात आणले, तेव्हापासून ही साधने वाढतच गेली आहेत. आजची घड्याळे दोन ठोक्यांमधील अंतरात होणारा चढउतारही मोजतात. धावणारे त्याला ‘एचआरव्ही’ म्हणतात. निरोगी, विसावलेल्या माणसाचे हृदय घड्याळाच्या लंबकासारखे काटेकोर चालत नाही. दोन ठोक्यांतील अंतर किंचित कमी-अधिक होत राहते. ताण वाढला की हा चढउतार बहुधा आक्रसतो. मापन उपयोगी आहे, पण रोजच्या आकड्यावर निर्णय न घेता सात दिवसांची सरासरी पाहावी. पहाटे घड्याळ ‘तयार’ म्हणते म्हणून अंग मोडून आलेले असताना धावायला निघणे, यासारखी दुसरी चूक नाही.

एवढी यंत्रे आल्यावर मनाची खूण मागे पडायला हवी होती. झाले उलटेच. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात विल्यम मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दहा वर्षे पोहणाऱ्या खेळाडूंची मनःस्थिती प्रश्नावलीने नोंदवली आणि १९८७ मध्ये निष्कर्ष मांडले. सरावाचा भार चढला की उदासी, चिडचिड आणि थकवा यांचे गुण चढत. भार उतरला की तेही उतरत. अलीकडे, २०१६ मध्ये, अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. खेळाडूने स्वतःबद्दल प्रामाणिकपणे सांगितलेली माहिती रक्ततपासण्या आणि नाडी यांपेक्षा सरावाच्या भाराला अधिक चटकन आणि अधिक सातत्याने प्रतिसाद देते, असे त्यात आढळले.

प्रामाणिकपणे, हा शब्द येथे कळीचा आहे. जिद्दी माणूस स्वतःच्या वहीतही खोटे लिहितो. अशा वेळी एकत्र कुटुंब उपयोगी पडते. रात्री अंथरुणावर तळमळणे पत्नीच्या लक्षात येते. ताटातली पोळी तशीच राहिली हे आईला दिसते. गिऱ्हाइकाशी विनाकारण वाजले हे धाकट्या भावाला कळते आणि हिशेबात दोनदा चूक झाली हे मुनीमजी सांगतात. दमूनही झोप न लागणे, भूक मंदावणे, आवडत्या कामातही रस न वाटणे, सर्दी बरी होता होता पुन्हा उलटणे; यातील दोन-तीन गोष्टी घरच्यांनी एकाच आठवड्यात बोलून दाखवल्या तर घड्याळाचा आकडा काहीही असो, त्यांचे ऐकावे.

भार मोजण्याची एक रीत हिशेबाची सवय असलेल्या वाचकांना आवडेल. अमेरिकी संशोधक कार्ल फॉस्टर यांनी ती रूढ केली. धावून झाल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचे : आजचे श्रम दहापैकी किती? तो अंक मिनिटांनी गुणायचा. ६० मिनिटे, श्रम चार, म्हणजे २४० गुण. आता दोन धावपटू घेऊ. पहिला रोज न चुकता धावतो; त्याचे सात दिवसांचे गुण २४०, ३६०, ३००, २४०, ३६०, ३००, ३००. दुसरा सोमवारी आणि गुरुवारी पूर्ण विश्रांती घेतो; त्याचे गुण शून्य, २४०, ६००, शून्य, ३००, १६० आणि रविवारच्या लांब धावेचे ८००. दोघांची बेरीज २१०० च आहे. परंतु फॉस्टर यांनी बेरजेबरोबर एकसुरीपणाही मोजला. रोजच्या सरासरीला दिवसादिवसांतील चढउताराच्या मापाने, म्हणजे प्रमाण विचलनाने भागायचे. दुसऱ्या धावपटूचा एकसुरीपणा एकच्या आसपास येतो, पहिल्याचा सहाच्याही पुढे. हा आकडा दोनच्या पुढे गेला की सावध व्हावे, असे सर्वसाधारणपणे मानतात. ‘एकही दिवस चुकवला नाही’ असे अभिमानाने सांगणारा पहिला धावपटूच आजाराच्या अधिक जवळ असतो.

या हिशेबात एक रकाना मात्र बहुतेक जण कोराच ठेवतात : दुकानाचा. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस, मार्चअखेर, लग्नसराई, घरातील आजारपण, या सर्वांची झीज शरीर त्याच खात्यात मांडते. संप्रेरकांना धावण्याचा ताण आणि थकलेल्या उधारीचा ताण असा भेद कळत नाही. दिवाळीच्या सुमारास सरावाचा कस वाढत असतो, कारण मुंबईची शर्यत जानेवारीत असते. आणि नेमके तेच दिवस पेढीवर सर्वाधिक धावपळीचे. त्या पंधरवड्यात सराव निम्म्यावर आणला तर बिघडत काही नाही.

व्रत-नियमांचा विचार येथे टाळता येणार नाही. साताऱ्याची शर्यत ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास येते आणि पर्युषण व दशलक्षण पर्वही त्याच काळात. अतिसराव आणि अपुरा आहार यांची लक्षणे इतकी सारखी आहेत की तज्ज्ञांनाही ती वेगळी करणे अवघड जाते. अतिसराव समजल्या गेलेल्या अनेक प्रकरणांचे मूळ कमी खाण्यात असावे, असे मत संशोधकांनी अलीकडे मांडले आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या ऊर्जा-तुटीला स्वतंत्र नाव देऊन लक्ष वेधले. धावण्यात खर्च झालेली ऊर्जा वजा केल्यावर शरीराच्या नित्य कामांसाठी चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ४५ कॅलरी शिल्लक राहाव्यात. ३० च्या खाली ती दीर्घकाळ राहिली तर हाडे, संप्रेरके आणि रोगप्रतिकार यांना झळ पोहोचते.

म्हणून अठ्ठाई, ओळी किंवा वर्षीतप चालू असताना शर्यतीची तयारी सोबत रेटू नये. उपवासाच्या दिवशी धावू नये आणि पारण्यानंतर काही दिवस केवळ चालावे. चौविहार पाळणाऱ्याने दुकान बंद करून रात्री आठला धावणे म्हणजे घाम गाळून सकाळपर्यंत पाण्याचा थेंबही न घेणे होय. त्याने सराव सकाळीच ठेवावा. नवकारशीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जानेवारीत मुंबईचा सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो, त्यानंतर ४८ मिनिटांनी पच्चक्खाण पारायचे, आणि पूर्ण मॅरेथॉन तर पहाटे पाचच्या सुमारास सुटते. दमट हवेत तीन तास निर्जल धावणे धोक्याचे आहे. त्या दिवशी शर्यत की नियम, हे गुरुमहाराजांना विचारून आधीच ठरवावे. दोन्ही एकदम पेलण्याचा हट्ट नसावा.

धावणे हे तप नव्हे. कर्मनिर्जरेशी त्याचा संबंध जोडणे बरोबर होणार नाही. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तीर्थंकर-नामकर्माला कारण मानलेल्या सोळा भावनांत ‘शक्तितस्तप’ ही एक भावना आहे. आपली शक्ती लपवू नये, पण मार्गालाच बाधा येईल असा कायक्लेशही करू नये, असा त्याचा अर्थ आचार्यांनी लावला. तपातही जेथे शक्तीचे भान सांगितले आहे, तेथे पदकासाठी ते सोडण्याचे प्रयोजन काय?

आहाराविषयी थोडक्यात. चातुर्मासात अनेक घरांत पालेभाजी वर्ज्य असते, त्यामुळे लोहाची बाजू लंगडी पडते. कडधान्ये, राजगिरा, अळीव यांवर भर द्यावा, सोबत लिंबू किंवा आवळा घ्यावा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, कारण चहा लोहाचे शोषण अडवतो. बी-१२ दूध-दह्यातून मिळते, पण ते पुरेसे आहे का हे तपासूनच कळते.

मुली आणि सुनांच्या बाबतीत एक खूण कोणत्याही यंत्रापेक्षा स्पष्ट आहे. सराव वाढल्यावर मासिक पाळी लांबली किंवा थांबली, तर ‘धावणाऱ्यांचे असे होतेच’ म्हणून ते सोडून देऊ नये. शरीराला पुरेसे अन्न मिळत नसल्याचा तो बहुधा पहिला पुरावा असतो आणि त्याचा पुढचा टप्पा म्हणजे पायाच्या हाडाला पडलेली सूक्ष्म चीर. घरात या विषयावर मोकळेपणाने बोलण्याचा संकोच असेल, तर तो सोडण्यासारखा आहे.

दोन आठवडे पूर्ण विश्रांती घेऊनही थकवा हटला नाही तर डॉक्टरांकडे जावे. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, थायरॉइड, रक्तशर्करा, ड आणि बी-१२ जीवनसत्त्वे पाहावी लागतात. नुकताच विषाणूजन्य ताप येऊन गेला असेल तर तेही सांगावे. चाळिशीपुढील व्यक्तीने ‘अतिसराव झाला असेल’ असे स्वतःच ठरवून हृदयाची तपासणी टाळू नये. धावताना छातीत दाब, दम कोंडणे, भोवळ किंवा ठोके चुकल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाले तर वहीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

उपचार विश्रांती हाच आहे, आणि तोच सर्वांत कठीण वाटतो. शर्यतीची नोंदणी झालेली असते, पैसे परत मिळत नाहीत, मित्रमंडळींत बोलणे झालेले असते. न खपणारा माल भाव पडण्यापूर्वी तोट्यात काढून टाकावा हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. नोंदणीच्या पैशांकडेही त्याच नजरेने पाहता येते. पुन्हा सुरुवात करताना आधी झोप आणि भूक पूर्ववत व्हावी. मग एक आठवडा सकाळी वीस-पंचवीस मिनिटे चालणे, त्यानंतर चालता चालता थोडे धावणे, तेही सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने. दुसऱ्या दिवशी सकाळी नाडी जागेवर असेल आणि उठताना बूट घालावेसे वाटले, तर पाच मिनिटे वाढवावीत. वाटले नाही, तर त्या दिवशीच्या पानावर तेवढेच लिहावे आणि दुकानाच्या किल्ल्या घ्याव्यात.